मुख्य ९२, दुय्यम २१

“सून काय करते?”

“घरीच असती.”

आबांनी तंबाखू मळता मळता सांगितलं आणि मी रकान्यात ९२ लिहून मोकळी झाले. २०११ चा मे महिना, माण तालुक्यातलं एक गाव. सकाळचे साडेदहाच वाजले होते, पण पत्र्याखाली बसवत नव्हतं. दिवसाला बारा घरं उरकायची, त्यातलं हे चौथं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, एका सर्व्हेत रोजंदारीवर ‘इन्व्हेस्टिगेटर’. या शब्दाचा गावात भलताच धसका होता. चौकशीला कुणीतरी आलंय म्हणून दोन घरांनी कडी लावून घेतली होती.

सर्व्हे एका खाजगी संस्थेचा, पण कामधंद्याचे कोड राष्ट्रीय नमुना पाहणीतून जसेच्या तसे उचललेले. आजही मला ते पाढ्यांसारखे येतात. स्वतःचा धंदा ११, पगारी नोकरी ३१, रोजानं जाणारा ५१, शिकणारा ९१, पेन्शनर ९४. घरच्याच धंद्यात बिनपगारी राबणारं माणूस २१. नुसतं घरकाम करणारी ९२. घरकाम करून वर सरपण, चारा, रानभाजी गोळा करणारी किंवा घरच्यापुरतं शिवणटिपण करणारी ९३.

९२ आमचा सगळ्यांचा लाडका. तो लिहिला की मजुरी किती, दिवस किती, पगार कधी हे पुढचे सगळे रकाने सुटायचे. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “बाई ‘घरी’ म्हणाली की ब्याण्णव टाका आन् पुढं सरका.” बारा घरांचा हिशेब त्या ब्याण्णवावरच बसवलेला होता.

आबांच्या घरी मी पुढं सरकणार, एवढ्यात सून आली. डोक्यावर मक्याचा भारा, पदर कमरेला खोचलेला, हातात विळा. भारा गोठ्याच्या दारात टाकला, तोंडावर पाणी मारलं आणि माझ्या मांडीवरच्या कागदांकडे बघत उभी राहिली. गोठ्यात दोन जर्शी गायी होत्या. आता हिच्यासमोरच ९२ कसं ठेवायचं, एवढ्या संकोचापोटी मी विचारलं. यात पद्धतशास्त्र वगैरे काही नव्हतं.

“वहिनी, तुम्ही काय काम करता?”

“काय न्हाय. घरीच असती की.”

“गायींची धार कोण काढतं?”

“मीच. ह्यास्नी जवळ उभं करून घेत न्हाईत त्या.”

“आणि दूध?”

“डेरीला. दोन्ही टायमाला.”

“मग हे काम नाही का?”

ती हसली. आबांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. “ह्ये कसलं काम म्याडम? ह्ये घरचं हाय. कामाला जायाची मी मागं. आता न्हाय जात.”

मी ९२ खोडून २१ केलं. संध्याकाळी कागद तपासताना सुपरवायझरनं त्या खाडाखोडीवर बोट ठेवलं. कुटुंबप्रमुख काय म्हणाला? घरी असते. ती स्वतः काय म्हणाली? घरी असते. मग तुम्ही कोण? त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. बरीच हुज्जत घातल्यावर तडजोड निघाली. वर्षातला सर्वांत जास्त वेळ ज्यात गेला ते मुख्य काम, आणि त्याखेरीज निदान ३० दिवस जे केलं ते दुय्यम, असे दोन रकाने या पद्धतीत असतातच. त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि लिहिलं: मुख्य ९२, दुय्यम २१. पहाटे पाचची धार, शेण, चारा, पाणी, संध्याकाळची धार आणि दोन वेळा डेअरी, हे सगळं दुय्यम.

आता मी एका तालुक्याच्या गावी एम.ए.च्या मुलांना संशोधन पद्धती शिकवते. दर वर्षी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: प्रत्यक्षार्थवाद आणि अन्वयार्थवाद यांतील फरक स्पष्ट करा, गुण १०. दर वर्षी चाळीस उत्तरपत्रिकांत एकच तक्ता असतो, कारण बाजारात गाईड एकच आहे. डावीकडे संख्या, उजवीकडे शब्द. डावीकडे प्रश्नावली, उजवीकडे मुलाखत. डावीकडचा संशोधक तटस्थ, उजवीकडचा सहभागी. डावा बाहेरून बघतो, उजवा आतून. मी सात गुण देते. तक्ता चूक आहे असं नाही. पण तो तपासताना मला माणमधला तो पत्रा आठवतो आणि मी तेव्हा कुठल्या रकान्यात बसले होते ते काही केल्या ठरत नाही. हातात प्रश्नावली होती, म्हणजे डावीकडे. प्रश्न मात्र विचारला तो तिला काय वाटतं याचा, म्हणजे उजवीकडे. आणि कागदावर जे उतरलं ते तिचंही नव्हतं, माझंही नव्हतं, सुपरवायझरच्या तडजोडीचं होतं.

डाव्या रकान्याचा, म्हणजे प्रत्यक्षार्थवादाचा, मूळपुरुष फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कॉम्त. ताऱ्यांचं शास्त्र झालं, रसायनांचं झालं, जीवांचं झालं, आता माणसांच्या समाजाचंही होणार, असं त्यानं १८३० ते १८४२ या बारा वर्षांत सहा खंड लिहून मांडलं आणि त्या शास्त्राला ‘सोशिऑलॉजी’ हे नावही दिलं. देवधर्माचा आणि पोकळ तत्त्वचर्चेचा काळ सरला, आता डोळ्यांनी दिसेल आणि ताडून बघता येईल तेवढंच ज्ञान. गंमत अशी की याच गृहस्थानं उतारवयात मानवतेचा एक धर्म काढला आणि त्याचं मुख्य पुरोहितपद स्वतःकडे घेतलं. ब्राझीलच्या झेंड्यावर ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ अशी जी अक्षरं आहेत, ती त्याच्याच सूत्रावरून आलेली. हे सांगितलं की वर्ग हसतो. मीही हसते, पण मोजण्याच्या हट्टाला मात्र मला हसवत नाही.

का, ते सांगते. १९६१ च्या जनगणनेत देशात काम करणाऱ्या बायका सुमारे सहा कोटी होत्या. १९७१ मध्ये त्या तीन कोटींच्या आसपास आल्या. दहा वर्षांत निम्म्या. बायका काय एकदम घरी बसल्या? थोडी घट खरीही असेल, पण मुख्य गोष्ट निराळी होती. १९६१ ला हंगामी कामात हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त राबलेलं माणूस कामकरी धरलं होतं. १९७१ ला आधी विचारलं, तुम्ही मुख्यतः काय करता? आणि बाई, किंवा बाईच्या वतीनं घरातला पुरुष, म्हणाला की ती घर बघते. एका क्रियाविशेषणानं कोट्यवधी बायका कागदावरून पुसल्या.

ही हकीकत मी वर्गात सांगते तेव्हा मुलं लगेच म्हणतात, बघा मॅडम, आकडे खोटे असतात. मी म्हणते, थांबा. आकडे खोटे होते हे कळलं कशानं? दुसऱ्या आकड्यानं. १९६१ चा आकडा शेजारी नसता तर १९७१ ची गोम कुणालाच दिसली नसती. त्यावरून वाद झाले, आणि १९९१ च्या जनगणनेत ‘शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं काम धरून’ हे शब्द प्रश्नातच घातले गेले. २००१ ला तर नुसतं घरच्यापुरतं दूधदुभतं करणारंही काम करणाऱ्यांत धरायचं ठरलं. म्हणजे जनगणनेच्या हिशेबानं माणमधली वहिनी कामकरी. आमच्या सर्व्हेत ती आधी घरी, आणि उरल्या वेळात कामकरी.

हे भांडण अजून संपलेलं नाही. सरकारी श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी कामावर असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. वाढ मुख्यतः खेड्यांत आणि मुख्यतः स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात, म्हणजे माझ्या त्या २१ सारख्या कोडांत. बायका खरोखरच बाहेर पडल्या, की हलाखीनं पडाव्या लागल्या, की विचारणारे जरा नीट विचारू लागले, यावर अर्थतज्ज्ञांची जुंपलेली आहे. मी यातली तज्ज्ञ नाही. पण बारा घरांचा कोटा पुरा करत पत्र्याखाली बसलेली कुणी चोवीस वर्षांची पोर तो २१ लिहिते की नाही, यावर त्या टक्क्यातला काही भाग टांगलेला असतो, एवढं मला स्वानुभवानं माहीत आहे.

म्हणजे संख्या मागाहून येते. तिच्याआधी कुणीतरी, कुणाच्यातरी शब्दांचा, घाईत एक अर्थ लावलेला असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखिमनं १८९७ मध्ये आत्महत्यांच्या सरकारी आकड्यांवरून समाजाचे नियम बांधले आणि सामाजिक वस्तुस्थितीकडे वस्तूसारखं पाहा असा दंडक घातला. पुढच्या पिढ्यांनी त्याला तोच प्रश्न विचारला: मृत्यूच्या दाखल्यावर ते कारण आधी लिहिलं कोणी? डॉक्टरनं, पोलिसानं, की अब्रूला भ्यालेल्या घरच्यांनी? वस्तू म्हणून जे टेबलावर आलं होतं तेही कुणाच्यातरी मनातून फिरून आलेलं होतं.

इथवर आलं की उजवा रकाना जिंकला असं वाटतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. सर्व्हे संपल्यावर मी एम.फिल.ला प्रवेश घेतला आणि जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर वाचायला लागले. माणसाच्या कृतीला त्याच्या लेखी काय अर्थ आहे ते समजून घेतल्याशिवाय समाजशास्त्र होत नाही, हे त्याचं म्हणणं. मला ते वहिनीच्या हसण्याचं उत्तर वाटलं. पण वाचता वाचता या वेबरचीच एक जुनी गोष्ट सापडली, आणि ती मला त्याच्या सिद्धान्ताहून जास्त आवडते.

१८९१-९२ साली जर्मनीतल्या एका अभ्यासक संघानं शेतमजुरांच्या स्थितीची पाहणी केली. एल्ब नदीच्या पूर्वेकडच्या भागाचा अहवाल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या वेबरकडे आला. त्यानं जवळपास नऊशे पानं लिहिली. आता ही प्रश्नावली पाठवली होती कोणाला? जमीनदारांना. मजूर काय खातो, कसा राहतो, का सोडून जातो, हे सगळं मालकाला विचारलेलं. आबांनाच की! वेबरला ते खटकलं. पुढच्या खेपेला त्यानं एका सहकाऱ्याबरोबर दुसरी प्रश्नावली काढली आणि या वेळी ती पाठवली गावोगावच्या पाद्र्यांना. मजूर पुन्हा बाहेरच. समजून घेण्याचं शास्त्र ज्याच्या नावावर आहे त्याची सुरुवात अशी झाली, हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

तरीही त्या परक्या उत्तरांतून त्यानं एक गोष्ट अचूक टिपली. तिकडचे पुष्कळ मजूर वर्षाच्या करारानं इस्टेटीवर राहायचे. राहायला खोपी, कसायला तुकडा, मळणीत वाटा. आपल्याकडच्या सालगड्याची आठवण व्हावी असा प्रकार, पोटाला बऱ्यापैकी खात्रीचा. ते लोक हे सोडून रोख मजुरीवर, शहरात, परमुलखात निघाले होते. पोटाच्या हिशेबानं यात फायदा दिसत नव्हता. वेबर म्हणाला, इथे भाकरीचं गणित चालत नाही, ही स्वातंत्र्याची जादू आहे. मालकाच्या आवारात जन्म काढायचा नाही, एवढ्यासाठी माणूस पोटाची खात्री सोडतो. (१८९५ मध्ये हे ज्या व्याख्यानात त्यानं सांगितलं, त्यातच पोलिश मजुरांविषयी तो जे बोलला ते आज वाचवत नाही. माणूस समजून घेण्याचं व्रतसुद्धा कुणाच्या दारापर्यंत न्यायचं हे ज्याचं तो ठरवतो.)

हे वाचलं त्या रात्री मला वहिनीचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. “कामाला जायाची मी मागं. आता न्हाय जात.” मी ते निसटतं ऐकलं होतं. मराठीत ‘काम करणं’ आणि ‘कामाला जाणं’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याच शेड्यूलात, म्हणजे आमच्या छापील प्रश्नावलीत, नव्हतं. कामाला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर जाणं, मुकादमाची हाळी ऐकणं, रोजगार हमीच्या खडीवर बसणं. तिच्या दारात गायी आल्या आणि ते सुटलं. ‘घरीच असती’ ही तिची कमाई होती. मी पुण्यातून चार पुस्तकं वाचून गेलेली, ‘अहो, हे कामच आहे’ असं तिला पटवू बघत होते, म्हणजे ज्या पायरीवरून ती मोठ्या कष्टानं वर चढली होती तिथंच तिला पुन्हा उभं करत होते. ९२ लिहून तिचं दूध पुसलं जात होतं, २१ लिहून तिचा मान.

त्या दिवसांत मी दोन गोष्टी शोधून शोधून वाचल्या. एक, जात्यावरच्या ओव्यांचा पुण्यातला प्रकल्प. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या खेडोपाडीच्या बायकांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. शेतात धान्य पिकवणं हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या हिशेबात काम आहे, घरच्यासाठी ते दळणं हे काम नाही. आमच्या शेड्यूलात दळणारी बाई सरळ ९२. आणि त्या न मोजलेल्या पहाटेतून लाखभर ओव्या निघाल्या. सासर, माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल, आणि दळण्याचा शीण. सगळं तिच्याच तोंडून, ‘घरीच असते’ असं कुणाकडूनही वदवून न घेता. मी भारावून गेले होते. मग लक्षात आलं की त्या ओव्यांनाही क्रमांक आहेत, गावांच्या याद्या आहेत, विषयांची वर्गवारी आहे. लाख ओव्यांत शिरायचं तर रकाने पाडावेच लागतात.

दुसरं नाव इरावती कर्व्यांचं. बर्लिनमध्ये १९३० च्या आगेमागे या बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध लावायचा होता. मार्गदर्शकाला वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा हवा होता, मापांतून तो निघाला नाही आणि बाईंनी तसं लिहिलं. पुढे याच बाई दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या, आणि विठ्ठलाच्या वाटेवरसुद्धा जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात हे चालता चालता त्यांना सलत राहिलं. त्यांनी तेही लिहिलं. कोयनेच्या धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली तेव्हा घरं आणि जमिनी मोजल्या. बर्लिनला त्यांनी मोजणं सोडलं असतं तर मार्गदर्शकाचाच अर्थ खरा ठरला असता, आणि वारीत नुसतं मोजलं असतं तर सल कागदावर आलाच नसता. गाईडच्या तक्त्यात त्यांना कुठे बसवायचं, हे मुलांना विचारलं की वर्ग शांत होतो.

असं सगळं डोक्यात भरून मी २०१४ मध्ये पुन्हा त्या गावी गेले. या वेळी कोड नाहीत, कोटा नाही. टेप करायचं छोटं यंत्र आणि भरपूर वेळ. माझ्या मनानं प्रबंधाचं एक प्रकरण लिहूनही टाकलं होतं, ‘घरीच असते’ या वाक्याच्या अर्थावर.

आबा गेले होते. गायी तीन झाल्या होत्या. वहिनीनं मला ओळखलं. ‘म्याडम’ची ‘ताई’ झाले. मधल्या दुष्काळाची गोष्ट तिनं आपण होऊन सांगितली: चारा छावणी, ताडपत्री, जनावरांशेजारी काढलेले महिने. मी हळूच माझ्या वाक्याकडे वळले. मागं तुम्ही म्हणाला होता, घरीच असते...

“छावणीत हुतो तवा बी मी घरीच का?” तिनं विचारलं आणि खदाखदा हसली.

माझं प्रकरण तिथंच डळमळलं. नंतर आणखी गंमत झाली. बचतगटाच्या कर्जाचा कागद तिनं आतून आणून दाखवला, तिसरी गाय त्यावरच घेतलेली. व्यवसायाच्या रकान्यात गटाच्या सचिवानं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘दुग्धव्यवसाय’. खाली हिची सही.

“म्हणजे हा धंदा आहे तुमचा?”

“मग? ब्यांकेला काय सांगू, घरीच असती म्हणून?”

सासऱ्यांसमोर घरीच. जावेशी बोलताना ‘मेले बाई राबून’. बँकेत धंदा. मुलीच्या सोयरिकीत ‘आमच्यात बायका कामाला जात न्हाईत’. ही सगळी उत्तरं तिचीच, एकही खोटं नाही. परत येऊन मी हे माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “मग यातलं तिचं खरं म्हणणं कुठलं?” मला उत्तर देता आलं नाही, आणि आता वाटतं की प्रश्नच चुकला होता. माणसाच्या आत अर्थाची एक डबी असते, झाकण उघडलं की मिळते, अशी आमची समजूत होती. वरून ती कवटी मोजण्याहून फार निराळी वाटायची, एवढंच. तिचं बोलणं समोर कोण बसलंय आणि त्याच्या कागदाचं पुढे काय होणार, हे बघून बदलत होतं. कुठलंही शहाणं माणूस हेच करतं.

मला सर्वांत शरम वाटली ती निराळ्याच गोष्टीची. निघताना तिनं विचारलं, “मागच्या कागदावर माझं काय लिवलं हुतं?” मी सांगितलं. मुख्य हे, दुय्यम ते. तिनं ‘दुय्यम’चा अर्थ विचारला. मी तोही सांगितला. तिनं फार काही मनावर घेतलं नाही, फक्त म्हणाली, “मग ती गायीस्नी बी सांगायला पायजे, रोज आधी घरचं उरकून येती म्हणून.” मी तीन वर्षं तिच्या शब्दांच्या अर्थामागे होते, रकान्यात तिच्या तासांचा आकडा धड पडला नाही याची टोचणी मला तोवर लागलीच नव्हती. ‘समजून घेणं’ हे मोजण्यापेक्षा वरच्या जातीचं काम आहे, अशी एक घमेंड मनात बसली होती. आता वेळेच्या वापराच्या सरकारी पाहण्या निघतात, तेव्हा मी त्या अधाशासारख्या वाचते. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. २०२४ च्या पाहणीत बिनपगारी घरकामात बाईची दिवसाची २८९ मिनिटं आणि पुरुषाची ८८, आणि हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांच्यापुरतंच. हा आकडा कुठलीही मुलाखत मला देऊ शकली नसती. भाकरी थापता थापता पोराचा अभ्यास घेणं यातलं मुख्य कुठलं, हा घोळ त्या अर्ध्या तासात आहेच. पण तिथं निदान ‘तुम्ही काय करता’ असं विचारत नाहीत. सहाला काय केलं, साडेसहाला काय केलं, असं विचारतात. प्रश्नात फरक पडला, की ‘घरीच’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून धार येते, शेण येतं, पाणी येतं.

त्या संध्याकाळी एस.टी.ला वेळ होता म्हणून मी वहिनीबरोबर डेअरीवर गेले. तिच्या हातात किटली, माझ्या हातात दुसरी. संकलन केंद्र म्हणजे एक गाळा, एक काटा, एक फॅटचं मशीन आणि एक विशीतला मुलगा. रांगेत आठ-दहा जणी. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ही पायरी, त्याखाली गेलं की दर कापतात. हे तिथल्या प्रत्येकीला तोंडपाठ. मशीनविषयी कुणाची तक्रार नव्हती. ज्या काही तक्रारी होत्या, त्या नमुना घेणाऱ्याच्या हाताविषयी.

आमचा नंबर आला. मुलानं दूध भांड्यात ओतून घेतलं आणि मोबाईलवर बोलता बोलताच पळी बुडवायला गेला. वहिनीनं त्याचं मनगट धरलं.

“आधी ढवळ.”

“ढवळलंय की मावशी.”

“मी बघत हुते. साय वर आन् तू तळातनं घेतूस. ढवळ.”

त्यानं ढवळलं. एकदा नाही, तिनं सोडेपर्यंत. मग पळीभर दूध मशीनखाली धरलं. लाल आकडे हलत हलत थांबले, ३.८. तिनं वाकून दोनदा वाचले, पावती फाडून घेतली, घडी करून कनवटीला खोचली. मी एका कडेनं बघितलं होतं. फॅट बरोबर, लिटर बरोबर, तारीख बरोबर. नाव नवऱ्याचं.